आबांचा डावा पाय

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात सासरी मला सर्वांत जास्त राग कुणाचा आला असेल, तर तो एका आवाजाचा. सासू माझी समजूतदार होती, नणंद नव्हतीच. पण सासऱ्यांच्या मोटारीतून जो आवाज यायचा, त्याने माझं डोकं उठायचं. कोरड्या पडलेल्या मोटेच्या चाकासारखा बारीक, किरकिरा, दात शिवशिवतील असा. गाडी गावाच्या कोपऱ्यावर असली तरी चुलीपुढे बसल्या बसल्या मला तो ऐकू यायचा, आणि हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडायची.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. माझं सासर म्हसावदजवळच्या एका गावात. घरची भरपूर शेती, कापूस आणि केळी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. त्या साली कापूस चांगला पिकला आणि आबांनी नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याकडून त्याची जुनी काळी मोटार घेतली. पंचक्रोशीत तेव्हा दुसरी मोटार नव्हती. ड्रायव्हर ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ज्याने जन्मभर स्वतःची बैलजोडी स्वतः हाकली, तो दुसऱ्याच्या हातात कासरा कसा देईल? व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरकडून ते दोन-चार फेऱ्यांत गाडी शिकले आणि पायातले जोडे काढून, अनवाणी, चालवायला लागले. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात जोडे घालून बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझं माहेर अक्कलकुव्याचं. वडील तिथल्या शाळेत मास्तर. आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. धाकटी बहीण माझ्याहून थोडीच लहान. एका ताटात जेवलेल्या आणि एका गोधडीत झोपलेल्या आम्ही. तिचं लग्न ठरलं होतं, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर लगेच, आणि ती पार सुरतेकडे जाणार होती. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात. सासरी वर्षभर जे गिळलेलं असतं ते त्या दोन-तीन दिवसांत झोक्यावर बसून ओकून टाकायचं. ही माझी लग्नानंतरची पहिली आखाजी होती आणि बहिणीची लग्नाआधीची शेवटची. पुढच्या वर्षापासून तिची वाट वेगळी, माझी वेगळी. दोघींनी एका झोक्यावर बसायचं तर ते याच वर्षी. माझ्या लग्नाच्या मांडवात मी तिला तसं वचन देऊन आले होते.

रीतीप्रमाणे भाऊ मला न्यायची तारीख विचारायला आला. तो बैलगाडी घेऊन येणार होता. आबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "घरमा मोटार उभी शे, नि सून बैलगाडीमा जाई? लोके काय म्हनतीन? तुम्ही बैल जुपू नका. आखाजीले मी सोता लई येसू."

भावाला केवढा आनंद झाला. बहीण मोटारीतून उतरणार! तो नाचतच परत गेला. मलाही त्या दिवशी आनंदच झाला होता, हे सांगताना आता माझा मलाच राग येतो.

त्यानंतर आठवडाभरातच आवाज सुरू झाला.

सुरुवातीला घरातल्यांनी तो बैलगाडीच्या हिशेबाने घेतला. बैलगाडी ओरडली की आसाला वंगण घालायचं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. म्हणून आबांनी सालदार गड्याकडून चारही चाकांना एरंडेल पाजलं. अंगण चिकट झालं, कुत्री चाकं चाटायला लागली, आवाज होता तसाच. मग सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली. मग ओट्यावर रोज बैठक बसायला लागली. कुणी म्हणे पट्टा सैल, कुणी म्हणे पाणी कमी, कुणी म्हणे व्यापाऱ्याने फसवलं. आयुष्यात मोटारीत पाऊल न टाकलेले लोक तिची नाडीपरीक्षा करत होते, आणि मी आत त्यांच्यासाठी चहा उकळत होते.

शेवटी शहाद्याहून मिस्तरी आणला. हा आमच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन दुरुस्त करायचा, मोटारींचंही बघायचा. त्याने गाडी सुरू केली, गावाबाहेर एक चक्कर मारली आणि परत आला.

"आबा, मन्हा हातमा तं गाडी आवाज करत नही. गिअर बदलताना जरासा चुरचुर करस, बस."

आबांचा चेहरा लालबुंद झाला. "मंग काय मी खोटं बोली ऱ्हायनू?"

मिस्तरी खाली बघत राहिला. मग म्हणाला, गिअरबॉक्स खोलून बघावा लागेल. आबांना ते पटलं. एवढा मोठा आवाज म्हणजे दोषही मोठ्या ठिकाणी असणार. निंबाखाली गोणपाटं अंथरून गिअरबॉक्स उतरवला, रॉकेलमध्ये धुतला, पुन्हा चढवला. आबा पुन्हा गाडीत बसले आणि फाट्यापर्यंत जाऊन आले. फाट्यावरूनच मला तो आवाज ऐकू आला. संध्याकाळी आबांनी ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवली.

आता मला काय दिसलं ते सांगते. ते समजायला आमच्या घरची रीत सांगावी लागेल. सुनेने सासऱ्यापुढे तोंडावर पदर ओढायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. एक अक्षरही नाही. त्यांना मला काही सांगायचं असेल तर ते मी समोर असतानाही सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग." मला काही सांगायचं असेल तर मी सासूबाईंच्या कानात सांगायची. त्या नसल्या तर बांगड्या वाजवायच्या, म्हणजे त्यांना कळायचं की पाणी आणून ठेवलंय. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि आबांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

म्हसावदच्या बाजाराला जाताना आम्ही मागे बसायचो. सासूबाई आबांच्या मागे, मी डाव्या अंगाला. पुढे आबा आणि त्यांच्या शेजारी माझे यजमान. पदर इतका पुढे असायचा की मला रस्ता दिसायचा नाही, शेतं दिसायची नाहीत. दिसायची ती फक्त गाडीची जमीन, आणि पुढच्या दोन बैठकांच्या फटीतून आबांचा डावा पाय. बाकी सगळे जण पुढे, रस्त्याकडे बघायचे. त्या पायाकडे बघायची सक्ती फक्त मलाच होती.

तो पाय कधीच जमिनीवर नसायचा. डावीकडच्या पेडलवर तो कायम टेकलेला. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला, अंगठा आत वळवून. मला ते ओळखीचं वाटलं, आणि का ते लगेच आठवलं. बैलगाडी हाकताना आबा असाच पाय डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर ठेवायचे. सालदाराला शिकवताना मी त्यांना बोलताना ऐकलं होतं, "जनावरवर पाय ठेवेल बरा. त्याले समजस, धनी जागा शे." मोटारीला बैल नव्हता, तर त्यांचा पाय पेडलवर जाऊन बसला होता.

एकदा रस्त्यात त्यांना पोटरीला काहीतरी चावलं. त्यांनी पाय उचलला आणि खाजवला. त्या घटकेला आवाज बंद. पाय परत ठेवला, आवाज सुरू. पुढच्या फेरीत मी मुद्दाम लक्ष ठेवलं. गाडी उतारावर होती, त्यांनी जोरात ब्रेक मारताना बैठक सावरायला डावा पाय खाली टेकवला. आवाज बंद. परत वर, परत किरकिर. क्लच म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका ड्रायव्हरने समजावून सांगितलं की नुसता पाय टेकला तरी आतलं बेअरिंग फिरायला लागतं, आणि ते झिजलेलं असलं की असं ओरडतं. पण त्या दिवशी मला एवढं पुरेसं होतं: पाय असला की आवाज, पाय नसला की नाही. मिस्तरीच्या हातात गाडी का ओरडत नव्हती तेही कळलं.

घरी आल्या आल्या मी यजमानांना गोठ्याजवळ गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वैरणीची काडी दातात धरून म्हणाले, "आबास्ले मी सांगू? पाय काढा म्हनीसन?"

"मंग कोन सांगी?"

"देखसू," म्हणाले आणि शेताकडे निघून गेले. हे 'देखसू' मी पुढे जन्मभर ऐकलं.

मग सासूबाईंना सांगितलं. मी म्हणाले, "आत्याबाई, आबास्ले सांगा, डावा पाय पेडलवर ऱ्हास तवय आवाज येस. पाय खाले ठेवा का थांबी जास." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून आले. पण त्या सांगायला गेल्या हे खरं. मी दाराआड उभी राहून कान दिला. त्या म्हणाल्या, "सून म्हनस, गाडी भलती दमी जास. जराखा इसावा द्या तिले."

मी कपाळावर हात मारला. पाय कुठे गेला? माझ्या तोंडून निघालेला पाय दोन खोल्या ओलांडेपर्यंत वितळून गेला होता. नवऱ्याचा पाय चुकतो हे बायकोने कसं म्हणावं! त्यांनाही बोलून काय उपयोग. पण गाडीला मात्र दोन दिवस विसावा मिळाला, आणि माझे दोन दिवस गेले.

आखाजी जवळ आली. सासूबाईंनी मऊपणे विचारून बघितलं की सुनेला एस.टी.ने पाठवायचं का. गावच्या फाट्यावर गाडी थांबायची, तळोद्याला बदलली की अक्कलकुवा. आबा म्हणाले, "मोटार ऱ्हाईसन मन्ही सून एस.टी.मा उभी ऱ्हाई का?" बैलगाडी जुंपायची तर तेही नाही, सगळ्या गावाला सांगून झालं होतं की सून मोटारीतून जाणार. मोटार न्यायची तर आवाज. वाटेत बंद पडली तर घरची बाई रस्त्यावर उभी राहील. त्यामुळे आधी आवाज काढायचा, मग सून न्यायची. पुन्हा मिस्तरीला बोलावणं गेलं. पुन्हा निंबाखाली गोणपाटं अंथरली. आखाजीच्या दिवशी सकाळी आमच्या मोटारीचा गिअरबॉक्स अंगणात उघडा पडला होता, आणि गल्लीतल्या निंबावर दुसऱ्यांच्या लेकी झोके घेत गात होत्या.

मी सांजोऱ्या तळत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, धूर भलता होतोय. मी हो म्हणाले. अक्कलकुव्याला बहीण वाट बघत असेल, मोटारीच्या आवाजाकडे कान लावून बसली असेल, हे मनात आलं आणि मला वाटलं, उठावं, झारा हातात घ्यावा आणि बाहेर जाऊन त्या मिस्तरीच्या डोक्यात घालावा. उठले नाही. सांजोऱ्या मात्र करपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी जोडून झाली. आबा म्हणाले, "तिले सांग, तयार व्हय. झोके उद्यालोंग ऱ्हातस." मी पळत जाऊन लुगडं बदललं. बहिणीसाठी घेतलेल्या बांगड्या पदराला बांधल्या. आम्ही निघालो. यजमान पुढे, आम्ही दोघी मागे, आणि फटीतून तो पाय. गाव सुटायच्या आत आवाज सुरू झाला.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, ओरडू दे, नुसतं पोहोचू दे. ओरडत पोहोचलो तरी चालेल. पण आबांना ते चालत नव्हतं. प्रत्येक मैलाला त्यांची मान ताठ होत होती. रस्त्याने जाणारे लोक वळून बघत होते. तळोद्याच्या अलीकडे, एका नाल्याच्या काठी, त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं, पाय पेडलवरच होता, आणि आवाजही चालूच होता.

"आवाज वाढना," ते यजमानांना म्हणाले. "आठेन फिरूत. पुढे बंद पडनी तं बाईमानसं लई कोठे बसू?"

यजमान म्हणाले, "हाव, आबा."

बस. एवढंच. निम्मी वाट झाली होती, आणि आवाज वाढला म्हणून इथूनच माघारी. मी त्या पायाकडे बघत होते. टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख काळं, आणि तो अंगठा पेडलवर हळूहळू हलत होता, बैलाला चुचकारावं तसा. आणि मी बोलले.

"आबा, डावा पाय खाले ठेवा."

सासूबाईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला, इतक्या जोरात की वळ चार दिवस राहिला. यजमानांची मान वळली नाही, नुसते कान लाल झालेले मला पदराखालूनही दिसले. आबा हलले नाहीत. मी माझाच आवाज ऐकून घाबरले होते. तो चांगला मोठा निघाला होता.

मग तो पाय उचलला गेला आणि जमिनीवर टेकला. आवाज बंद झाला. इंजिनाची तेवढी घरघर राहिली. नाल्यातल्या पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. पाय परत वर गेला, किरकिर. परत खाली, शांत. आबांनी असं तीन-चार वेळा केलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, चला अक्कलकुव्याला. मला खरंच तसं वाटलं. दोष सापडला होता, गाडी गप्प झाली होती, ऊनही अजून होतं.

आबांनी गाडी वळवली आणि घराकडे घेतली.

सगळा रस्ता डावा पाय जमिनीवर होता. आवाज सुरू झाल्यापासून ती गाडी पहिल्यांदाच एवढी गुमान चालत होती, आणि ती उलट्या दिशेने चालली होती. मी रडलेही नाही. गाडीच्या हिसक्यांनी पदरातल्या बांगड्या वाजत होत्या, म्हणून मी रागाने त्या मुठीत दाबून धरल्या. घरी उतरल्यावर आबा ओट्यावर बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "तिले सांग, चहा ठेव."

मी चहा ठेवला.

यजमान माझी समजूत घालायला स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, जाऊ दे. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाले, "मिस्तरीबी पहिलाच दिन तेच म्हनना व्हता. पायमुळे व्हस म्हने."

"मंग त्याने आबास्ले का नही सांगं?"

"तो काब्र सांगी? त्याले पुढला सालबी आपलं इंजिन देखनं शे."

म्हणजे मिस्तरीला माहीत होतं. यजमानांना माहीत होतं. कदाचित सासूबाईंनाही पटलं होतं. आणि सगळ्यांनी मिळून दोनदा गिअरबॉक्स उतरवला होता, धुतला होता, चढवला होता, माझी आखाजी घालवली होती. मला वाटत होतं पदर एकट्या माझ्याच तोंडावर आहे. त्यांची नुसती कापडं दिसत नव्हती, एवढंच.

बहिणीच्या लग्नाला आम्ही मोटारीने गेलो. आबांनी डावा पाय मांडी घातल्यासारखा उजव्या मांडीखाली दुमडून घेतला होता, आणि गिअर बदलण्यापुरताच तो बाहेर यायचा. मांडवात लोकांनी गाडीचं कौतुक केलं. आवाज कसा गेला, असं आमच्या गावच्या कुणीतरी विचारलं. आबा म्हणाले, "मिस्तरीले जमनं नही. मीच सोता काढी टाका." मी पदराआड उभी होते. मला हसू आलं नाही.

हळद लागायच्या आधी बहिणीने मला आतल्या खोलीत ओढलं. तिने कडी लावली आणि माझा पदर मागे ढकलला. ती चिडलेली होती, आणि तिला तसं असायचा हक्क होता.

"मी तुन्हा झोका कोनले दिधा नही," ती म्हणाली. "पोरी मांगेत तरी नही दिधा. मोटारना आवाज ऐकाले बसी ऱ्हायनू. काब्र नही उनी तू?"

का आले नाही ते मी तिला सगळं सांगितलं. पेडल, पाय, बैल, मिस्तरी, नाला. सांगताना मला वाटलं, ती निदान आबांवर तरी चिडेल. तिने सगळं ऐकलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "तुले पहिलेच समजी गयथं ना? मंग तू पहिलाच दिन काब्र नही बोलनी?"

बाहेरून कुणीतरी कडी वाजवली, हळद घेऊन बायका आल्या होत्या. मी माझ्या पदराच्या गाठीतल्या बांगड्या सोडून तिच्या हातात चढवल्या आणि तिला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली. पुढे आम्ही पुष्कळदा भेटलो, दोघींना नातवंडं होईपर्यंत भेटत राहिलो. पण तो प्रश्न तिने मला पुन्हा कधीच विचारला नाही.